आचार्यांनी घेतलेली शपथ

एकदा एका समुद्रकाठच्या नगरीत एक आचार्य राहत असत. ते मूळचे या नगरीचे नव्हते. तरुणपणी गलबतावर बसून परदेशाहून आले, इथेच रमले, आणि इथल्याच मुलांना चाळीस वर्षे व्याकरण आणि न्याय शिकवत म्हातारे झाले. त्यांच्याजवळ तांब्याची एक मुद्रा होती. तिच्यावर अक्षरे कोरलेली होती, 'कायम रहिवासी'.

अशी मुद्रा बाळगणाऱ्या परक्याला नगरीत घर बांधता येई, धंदा करता येई, मुलेबाळे वाढवता येत. नगरसभेत मात्र त्याला जागा नव्हती. तिथे नागरिकच बसत. परक्याला नागरिक व्हायचेच असेल तर त्याने सभेच्या लेखकापुढे शपथ घ्यायची: 'माझा जन्म याच भूमीत झाला असे मी आजपासून मानतो. दुसरी कोणतीही भूमी मला ठाऊक नाही.'

आचार्यांनी ती शपथ कधी घेतली नाही. "जिथे आईने बोट धरून पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं, ती भूमी मला ठाऊक नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणू?" एवढेच ते म्हणत.

त्यांचा पट्टशिष्य शुभंकर मात्र नगरीतच जन्मलेला. पंचवीस वर्षांचा, बुद्धीने तल्लख, अन्याय दिसला की पेटून उठणारा. आचार्यांच्या या ताठ मानेवर त्याची नितांत भक्ती होती.

त्याच नगरीत एक रंगारीण राहत असे. तीही परदेशची. तिचे खरे नाव लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला जरीबाई म्हणत. तीस वर्षे तिने या नगरीची लुगडी आणि पागोटी रंगवली. शुभंकरच्या आईचे लग्नातले वस्त्र तिच्याच हातचे. तिचा नवरा इथेच वारला आणि इथल्याच मातीत गेला. मागल्या वर्षी निरोप आला, की मायदेशी तिची आई अंथरुणाला खिळली आहे. जरीबाई गेली. आईचे सगळे केले, शेवटचे पाणी तिच्या तोंडात घातले आणि मिळेल त्या पहिल्या गलबताने परत निघाली. तोवर चौदा महिने उलटले होते.

वेशीवरच्या ठाणेदाराने तिची मुद्रा हातात घेतली, नोंदवही उघडून तारखा पाहिल्या, आणि मुद्रा ऐरणीवर ठेवून हातोड्याने चेपून टाकली.

"वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलात. रहिवास संपला."

"अहो, पण त्यावर 'कायम' लिहिलंय ना!"

"कायम म्हणजे नियम पाळाल तोवर कायम. बंदरावरच्या धर्मशाळेत उतरा. पुढचं गलबत आठवड्याने सुटेल."

"घर इथं, मालकांची माती इथं. तिकडं आता माझं कोण राहिलंय? कुठं जाऊ मी?"

ठाणेदाराने मान वळवली. "बाई, हात माझे आहेत. नियम सभेचा आहे."

शुभंकर तेव्हा एका पाहुण्याला पोचवायला वेशीपाशी आला होता. त्याने हे सारे डोळ्यांनी पाहिले, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाही वाटत?" तो ठाणेदारावर ओरडला. "तुझ्या डोक्यावरचं हे पागोटं कुणी रंगवलं? आईला मरताना टाकून आली असती, तर ती तुला चांगली रहिवासी वाटली असती, होय ना?" पाहता पाहता गर्दी जमली. लोक हळहळले. ठाणेदाराने नोंदवही मिटली. थोड्या वेळाने लोक आपापल्या घरी गेले, आणि जरीबाई गाठोडे उचलून धर्मशाळेकडे गेली.

दुसऱ्या दिवशी शुभंकर पुन्हा वेशीवर गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. रोज नवी गर्दी, नवी हळहळ. रोज संध्याकाळी आचार्यांच्या आश्रमात परतल्यावर तो त्यांना सगळे सांगे. "आज त्याला मी चांगलंच फैलावर घेतलं!"

"मग तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? म्हणे, नियम सभेचा आहे."

"हं," आचार्य म्हणत, आणि त्याच्याकडे पाहत राहत. शुभंकर हातपाय धुऊन जेवायला बसे.

चौथ्या दिवशी सकाळी बाजारात त्याला बातमी कळली. आचार्य सभागृहात गेले होते आणि त्यांनी शपथ घेतली होती.

तो धावतच आश्रमात आला. आचार्य अंगणात बसून पत्र लिहीत होते.

"मी ऐकलं ते खोटं आहे ना?"

"खरं आहे."

"चाळीस वर्षं जी मान वाकली नाही, ती वाकवलीत? आणि कुणापुढे, तर ज्यांच्या नियमाने जरीबाईंना वेशीबाहेर काढलं त्यांच्यापुढे? सत्याहून मोठं काही नाही, हे आपणच शिकवलंत आम्हांला. आणि आपणच म्हणालात, दुसरी भूमी मला ठाऊक नाही!" आचार्यांची थोरली बहीण अजून मायदेशी होती. दुसऱ्या राज्याची शपथ घेणाऱ्याला त्या देशात पुन्हा पाऊल टाकता येत नसे, हे शुभंकरला माहीत होते. "आणि आपल्या ताई?"

"तिलाच लिहितो आहे. ती रडेल." आचार्यांनी लेखणी खाली ठेवली. "बैस. रहिवासी आणि नागरिक यांत काय अंतर आहे, हे मी तुम्हांला कधी शिकवलं नाही, कारण मलाच ते या चार दिवसांत समजलं. रहिवाशाला नगरी राहू देते. जो हात 'कायम' कोरतो, तोच हात उद्या हातोडाही उचलतो. रहिवासी फार तर विनवणी करील. नागरिकाला 'नाही' म्हणता येतं, आणि त्याचं 'नाही' मोजावं लागतं. माझी मान ताठ होती, ठीक आहे. पण जरीबाईला त्या मानेचा काय उपयोग? मी सभेच्या पायरीवर उभा राहून विनवण्या केल्या असत्या. विनवण्या तर तीही करत होती."

"पण शपथ खोटी आहे!"

"खोटीच आहे. उद्या सभेत माझं पहिलं वाक्य तेच असेल. आईला विसरल्याचं सोंग केल्याशिवाय जिथे परक्याला शिरता येत नाही, त्या सभेला स्वतःची लाज वाटायला हवी, हे मी सांगणार आहे. पण ते सांगायलाही आत जावं लागतं." ते त्याच्याकडे वळले. "शुभंकर, सभेत जायला तुला कोणती शपथ घ्यावी लागली असती?"

शुभंकर आत्ता कुठे खाली बसला.

"कोणतीच नाही. विसाव्या वर्षापासून तिथे तुझी जागा आहे. पाच वर्षांत किती वेळा गेलास?"

"एकदाही नाही."

"मी तीन दिवस वाट पाहिली. रोज वाटायचं, आज तू म्हणशील, मी सभेत जातो. तू खरं बोलून आत गेला असतास. तू गेला नाहीस, म्हणून मला खोटं बोलून जावं लागलं."

आचार्यांच्या स्वरात राग नव्हता. असता, तर शुभंकरला ते सोसले असते.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेच्या सभेत आचार्य उभे राहिले. "काल मी तुमच्या लेखकासमोर खोटं बोललो," ते म्हणाले, "कारण तुमच्या कायद्याने दुसरा मार्ग ठेवलेला नाही." एकच गदारोळ उठला. एक व्यापारी ओरडला, "मग याची शपथ रद्द करा!" पण सभेत बोललेल्या शब्दासाठी नागरिकाला दंड करता येत नसे. व्यापाऱ्याला खाली बसावे लागले. आचार्यांनी जरीबाईची हकीकत सांगितली आणि ठराव मांडला, की आई-बापाची सेवा करायला गेलेल्याचा रहिवास तुटू नये.

"अनुमोदन कोणाचं?" सभापतींनी विचारले.

सभागृहात शंभर पागोटी होती, आणि त्यांतली निम्मी जरीबाईने रंगवलेली. सगळी खाली झुकली. कुणी उपरण्याचा काठ चाचपू लागले, कुणी खिडकीबाहेर पाहू लागले.

"माझं," मागच्या बाकावरून शुभंकर म्हणाला. वेशीवर तीन दिवस गरजलेला त्याचा आवाज इथे जेमतेम ऐकू गेला. म्हणून त्याने तो शब्द पुन्हा उच्चारला.

एकाचे अनुमोदन मिळाल्यावर आणखीही हात वर आले, तरी ठराव तीन मतांनी पडला. नियम होता तसाच राहिला. जरीबाईला मात्र सभेने 'दया म्हणून' नगरीत घेतले आणि एका वर्षाची कच्ची मुद्रा दिली. ती मुद्रा तिने उलटसुलट करून पाहिली. "तीस वर्षं राहिले की हो इथं," ती म्हणाली, "आणि आज माझं पहिलं वरीस." ती हसू लागली, पण ते हसू तिला पुरे करता आले नाही.

"ही दया?" घरी परतताना शुभंकर दात आवळून म्हणाला. "ही दया म्हणायची?"

"ही दया नव्हे. अपमानच आहे," आचार्य म्हणाले. "तुझा राग निवू देऊ नकोस. फक्त तो कुठे न्यायचा, हे लक्षात ठेव."

पुढच्या पौर्णिमेला सभा भरली तेव्हा शुभंकर सर्वांआधी येऊन बसला होता. त्याच्या पुढच्या पौर्णिमेलाही बसला. रहिवासाचा तो नियम रद्द व्हायला सहा वर्षे लागली, आणि शपथेतले दुसरे वाक्य खोडायला आणखी दोन. ते पाहायला आचार्य उरले नव्हते. त्या आठ वर्षांत शुभंकरने एकही सभा चुकवली नाही. लोक त्याला म्हणत, "अरे, तुझं कोण परकं अडकलंय वेशीवर? तू कशाला शिणतोस?" तो म्हणे, "मला इथं येताना काही सोडून यावं लागत नाही. म्हणून येतो."

जन्मतः मिळालेली आपली जागा आपण रिकामी ठेवतो, तेव्हा तिची किंमत वेशीबाहेर उभे असलेले कुणीतरी मोजत असते.