रंगाचा चालू वर्तमानकाळ

“या तिन्हींतल्या कुठल्या वाक्याला धावायचं?” साळवेबाईंनी विचारलं.

वहीत तीन वाक्यं होती. मृणालच्या टपोऱ्या, शाळेत बक्षिसं मिळवलेल्या अक्षरातली.

द बेबी इज ब्लू.

द बेबी इज टर्निंग ब्लू.

द बेबी हॅज टर्न्ड ब्लू.

“तिसऱ्याला,” मृणाल म्हणाली. “प्रेझेंट परफेक्ट. क्रिया पूर्ण झालेली आहे, म्हणजे परिस्थिती सगळ्यात वाईट.”

“आणि दुसरं?”

“ते नुसतं चालू आहे.”

“नुसतं...” बाई म्हणाल्या. 

सिंदळगावच्या मिशन हॉस्पिटलच्या आवारात, मागच्या बाजूला, बाईंची दोन खोल्यांची जागा होती. हन्ना साळवे. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या नर्सिंगच्या मुलींना बाळंतपण शिकवलं आणि त्याच मुलींना इंग्रजीही. वाड्यावस्त्यांवरून आलेल्या मुली. ‘येस’ आणि ‘नो’च्या पुढं गाडी न जाणाऱ्या. बाई त्यांना पुस्तक देत नसत. पाच रंग देत. ब्लू, यलो, व्हाइट, रेड, पिंक. वर्षभर तेवढंच. त्या मुली पुढं कुठं कुठं जाऊन पोचल्या, आणि अजूनही नाताळात त्यांची पत्रं येत.

म्हणून मृणाल टेंभेकर आली होती. याच हॉस्पिटलातली स्टाफ नर्स. वय तेवीस, कॉलेजात पहिली. आयर्लंडला जायचं होतं आणि त्यासाठीची इंग्रजीची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. एकदा ती नापास झालेली होती, बोलण्याच्या भागात. नापास होण्याची ती तिची आयुष्यातली पहिली वेळ. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. बाईंनाही नाही.

तीन आठवडे ती रोज दुपारी ड्यूटी संपल्यावर येत होती. तीन आठवड्यांत फक्त निळा आणि पिवळा झाला होता.

“बाई,” ती आता म्हणाली, “मला लाल रंगाचे बावीस शब्द येतात.”

“म्हण.”

“स्कार्लेट. क्रिमझन. मरून. व्हर्मिलियन. रूबी. रस्ट...”

ती बावीसच्या बावीस म्हणाली. कुठं अडखळली नाही. बाईंनी मान हलवत ऐकले. एखाद्या मुलीचं गाणं ऐकावं तसे.

“छान आहेत,” त्या म्हणाल्या. “यातला कुठला तू पाहिलायस?”

“म्हणजे?”

“बाळंतिणीच्या अंगावरून रक्त जायला लागलं, की पहिल्यांदा जो येतो तो कुठला? आणि धोका असतो तो कुठला?”

 मृणालची ड्यूटी मेडिसिन वॉर्डात असायची. लेबर रूममध्ये ती शिकत असताना सहा आठवडे होती, तेवढीच. तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि केसशीट सुंदर लिहायची.

“परीक्षेत हे विचारत नाहीत, बाई.”

“नसतील विचारत.”

“मग मला परीक्षेत येईल ते शिकवा ना. नऊ दिवस राहिलेत. लहान मुलांसारखे रंग कसले शिकतोय आपण?”

तिचा आवाज चढला होता. तिला स्वतःलाच ते लागलं. बाईंना मात्र काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी वही पुढं ओढली आणि दुसऱ्या वाक्याखाली बोट ठेवलं. बोट थरथरत होतं. गेली काही वर्षं त्यांचे दोन्ही हात असेच थरथरत. कप उचलायचा तर दोन्ही हातांनी.

“पहिल्या वाक्याला कुणीही धावतं,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्यालाही. निळं दिसलं, धावले. पण हे दुसरं आहे ना... ते आल्या आल्या म्हणता येत नाही. ते म्हणायला आधीपासून बघत बसावं लागतं.”

मृणालनं ते वहीत लिहून घेतलं. बाईंनी ते लिहिताना पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात मथुराबाई आली. लेबर रूमची आया. पळत आलेली, पदर खोचलेला.

“बाई, चला. सकाळी आलेल्या लोचनाच्या लेकराचं डोकं दिसाया लागलंय अन् सोनोग्राफीत मानंला नाळ दिसलीया. रेबेका सिस्टर एकट्या हायेत. डाक्टर थेटरात पोट फाडून बसलेत, त्यांना हालता येईना.”

बाई उठल्या. चपला घालायला वेळ लागेल म्हणून अनवाणीच निघाल्या. आवारातली फरशी दुपारच्या उन्हानं तापली होती.

दोन पावलं गेल्यावर त्यांनी मागं पाहिलं.

“चल,” त्या मृणालला म्हणाल्या.

“मी? माझा वॉर्ड तर मेडिसिन...”

“माझे हात बघितलेस ना?”

लेबर रूम आणि ऑपरेशन थिएटर समोरासमोर होतं, मध्ये अरुंद बोळ. थिएटरचं दार किलकिलं होतं. आत डॉक्टर फिलिप एका बाईचं सिझेरियन करत होते. केरळातले, दोन वर्षांपूर्वी आलेले. मराठीत त्यांना ‘दुखतंय का’ एवढंच विचारता यायचं.

मृणालनं हात धुतले. ग्लोव्हज घालताना एक फाटला. दुसरा घातला.

रेबेका सिस्टरनं नाळ बोटावर घेऊन मानेवरून सोडवली आणि बाळ बाहेर आलं. मुलगी होती.

ती रडली नाही.

रेबेकानं नाळ कापली आणि बाळ मृणालच्या हातांतल्या कपड्यात ठेवलं. लोचनाला रक्त जात होतं, रेबेकाला तिथून हलता येणार नव्हतं. मृणालनं पाहिलं. बाळाचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. वजन होतं, ऊब होती. पण कपड्याच्या घडीत आणि तिच्यात फरक वाटत नव्हता.

“पूस,” साळवेबाई म्हणाल्या. त्या टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरलेले. “जोरात पूस. पाठ चोळ.”

मृणालनं पुसलं. पाठ चोळली. ओला कपडा काढून कोरडा घेतला.

बोळातून डॉक्टरांचा आवाज आला.

“कलर?”

 बावीस लाल येणाऱ्या मुलीला एक शब्द सापडेना.

“ब्लू!” ती ओरडली.

“इज?” साळवेबाईंनी हळूच विचारलं. “का टर्निंग?”

तिला रडू आलं. आत्ता? आत्ताही?

“मला... मला माहीत नाही, बाई.”

“मग बघ.”

तिनं तोंड साफ केलं, मग नाक. मान किंचित मागं केली. एवढासा मास्क तोंडानाकावर बसवला आणि पिशवी दाबली. छाती वर आली नाही.

“मान अजून थोडी मागं... बस. आता दाब.”

छाती वर आली. अगदी एवढीशी. झोपलेल्या मांजराची येते तशी.

“दाब... दोन, तीन. दाब... दोन, तीन.” बाई मोजत होत्या. घाई नव्हती त्यांच्या आवाजात. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते तसा तो आवाज एका लयीत येत राहिला, आणि मृणालचा हात त्या लयीत गेला.

लोचना उशीवरून मान उचलून विचारत होती, “का रडंना? बाई, का रडंना ती?”  मथुराबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला.

“कलर?” बोळातून.

मृणालनं बाळाच्या अंगाकडे पाहिलं. सावळं, जांभळट, त्यावर पांढरट चिकट थर. कशातून काय ओळखायचं?

“कातडी नको बघू,” बाई म्हणाल्या. “पुस्तक लिहिणाऱ्यानं आपली बाळं पाहिलेली नाहीत. जीभ बघ.”

तिनं क्षणभर मास्क उचलला. जीभ निळी होती. जांभूळ खाल्ल्यावर होते तशी.

“ब्लू, डॉक्टर. टंग इज ब्लू. हार्ट रेट...” तिनं नाळेच्या बुडाशी दोन बोटं ठेवली. ठोका होता. संथ, पण होता. “हार्ट रेट सेव्हंटी!”

“कंटिन्यू.”

“दाब... दोन, तीन.”

खोलीत आता दुसरा आवाज नव्हता. पंख्याचाही ऐकू येईनासा झाला. मृणालला वाटलं, आपण वर्षानुवर्षं इथंच उभ्या आहोत. तिची नजर त्या एवढ्याशा ओठांवरून हलत नव्हती. आयुष्यात तिनं कशाकडे इतका वेळ असं पाहिलं नव्हतं. पुस्तकाकडेही नाही.

दाब. दोन, तीन.

आणि मग...

पहिल्यांदा तिला भास वाटला. ओठांच्या आतल्या कडेला, जिथं ओठ संपून हिरडी सुरू होते, तिथं काहीतरी वेगळं होतं. तिनं मास्क उचलला. जिभेच्या टोकावर एक ठिपका होता. त्या ठिपक्याला काय नाव द्यावं तिला कळेना. रंग म्हणावा इतकाही तो नव्हता. ती पाहत असतानाच तो पसरला. जिभेवरून मागं गेला, ओठांवर आला. पायरीपायरीनं दिवे लागावेत तसा छातीवर उतरला, पोटावर गेला. आत कुणीतरी होतं आणि ते बाहेर येत होतं.

बाळानं स्वतःहून एक श्वास घेतला. हुंदक्यासारखा.

“कलर?” डॉक्टरांचा आवाज आता बारीक झाला होता.

“शी इज पिंकिंग!” मृणाल ओरडली. “डॉक्टर, शी इज... शी इज पिंकिंग!”

दुसऱ्या कुणाच्या वहीत तिला हे दिसलं असतं, तर तिनं लाल शाईनं खोडून वर बरोबर वाक्य लिहिलं असतं. नऊ दिवसांनी तिनं ती परीक्षा दिली, पासही झाली, आणि परीक्षकानं कशाबद्दलही विचारलं तरी तिला बोलायला अडलं नाही. पण त्या घटकेला तिच्या डोक्यात परीक्षा नव्हती, आयर्लंड नव्हतं. जे समोर होत होतं ते फक्त तिच्या तोंडून बाहेर पडलं.



थिएटरमधून डॉक्टर म्हणाले, “थँक गॉड.” आणि पुन्हा कात्र्यांचा आवाज सुरू झाला.

मुलगी रडली. आधी किरकिर, मग भोकाड. लोचनानं तोंडावर दोन्ही हात घेतले आणि तीही रडायला लागली. रेबेका सिस्टर खाली वाकलेली होती ती तशीच हसली. मथुराबाई म्हणाली, “आली बाई, आली.”

मृणालनं मुलीला लोचनाच्या छातीवर ठेवलं आणि दोघींवर चादर ओढली. आता तिचे हात रिकामे होते. ते कुठं ठेवावेत तिला सुचेना.

तिनं साळवेबाईंकडे पाहिलं. बाईंचे हात अजून पाठीमागेच होते. डोळे त्या मुलीवर. चाळीस वर्षं, कितीतरी हजार बाळं... आणि बाई पहिलंच बाळ पाहत असाव्यात तशा पाहत होत्या. तोंड किंचित उघडं. पापणी हलत नव्हती.

मृणालला कुणाची तरी प्रार्थना चालू असताना मध्येच दार उघडल्यासारखं झालं. तिनं नजर खाली घेतली.

मग ती म्हणाली, “बाई... हे तुम्ही दर वेळी बघता?”

“दर वेळी.”

“मग दर वेळी असंच वाटतं...?”

बाई अजून मुलीकडेच पाहत होत्या. कदाचित त्यांना प्रश्न ऐकूच गेला नव्हता.

दोघी बाहेर बोळात आल्या. बाकावर लोचनाची सासू बसली होती. लुगड्याचा पदर मुठीत आवळलेला. रडणं तिनं ऐकलं होतं, पण खात्री करायला ती अजून उठली नव्हती.

“मुलगी झाली, आजी,” मृणाल म्हणाली. “दोघी बऱ्या आहेत.”

म्हातारीनं हात जोडून कपाळाला लावले. डोळे पुसले. पुन्हा पुसले. जीव भांड्यात पडल्यावर माणसाला जे सुचतं ते मग तिला सुचलं. ती पुढं सरकली आणि आवाज बारीक करून तिनं विचारलं, “अन् रंग कसा हाय वो लेकराचा? गोरी हाय का सावळी?”

मृणालनं तोंड उघडलं. जिभेवरचा तो पहिला ठिपका तिच्या डोळ्यांसमोर आला. तिनं वळून बाईंकडे पाहिलं.

साळवेबाई म्हातारीशेजारी बाकावर बसल्या. दाराच्या फटीतून आत पाहिलं. चादरीबाहेर आलेले मुलीचे हातपाय अजून निळसर होते. पहिल्या दिवशी असतात तसेच.

“अजून येतोय,” त्या म्हणाल्या.