नमलाच्या घरावरची लाल फुलाची फरशी

दूर पॅलेस्टाईनमध्ये नाब्लुस नावाचं गाव. गावात एक अंगण. अंगणभर फरश्या, फरशीफरशीवर लाल फूल. एका फरशीखाली राहायची नमला मुंगी आणि तिची इवली इवली बाळं.

एकदा काय झालं? वरून बरणी पडली. खळ्ळ! फरशी फुटली. नमलाचं घर उघडं पडलं!

"अगं बाई! आता थंडी येणार. बाळं माझी कुडकुडतील!"

रडत बसली का? छे! निघाली तुरुतुरु तुरुतुरु. फरशीवाल्या अबू रजबकडे गेली.

"अबूकाका, अबूकाका, फरशी द्या ना!
फरशी नाही तर छप्पर नाही,
अन् बाळं माझी कुडकुडतील!"

"लाल रंग संपला गं. लाल फुलाशिवाय फरशी? अंगण रुसेल माझ्यावर! गाढवाला सांग, रंग आण."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गाढवदादा, गाढवदादा, रंग आण ना!
रंग नाही तर फरशी नाही,
फरशी नाही तर छप्पर नाही,
अन् बाळं माझी कुडकुडतील!"

"हँको हँको! घसा सुकला. आधी पाणी!"

तुरुतुरु तुरुतुरु. विहिरीवर होती कप्पी.

"कप्पीमावशी, कप्पीमावशी, पाणी काढ ना!
पाणी नाही तर रंग नाही,
रंग नाही तर फरशी नाही,
फरशी नाही तर छप्पर नाही,
अन् बाळं माझी कुडकुडतील!"

"कुर्रर्र कुर्रर्र! अंग आखडलंय बाई. आधी तेल!"

तुरुतुरु तुरुतुरु. टेकडीवर होतं म्हातारं जैतूनचं झाड.

"जैतूनआजी, जैतूनआजी, तेल दे ना!
तेल नाही तर पाणी नाही,
पाणी नाही तर रंग नाही,
रंग नाही तर फरशी नाही,
फरशी नाही तर छप्पर नाही,
अन् बाळं माझी कुडकुडतील!"

"देईन गं. पण पाठीला खाज सुटलीय! फांद्या इतक्या, पाठीला एकही पोचत नाही!"

"एवढंच? मी आहे ना!"

नमला चढली झाडावर. खरूखरू खरूखरू!

"आहाहा!" जैतूनआजी हसली, गदागदा हलली. टपकन फळ पडलं. गडगड गडगड, थेट कप्पीत. पच्च! तेल निघालं. कप्पी फिरली गरागरा. पाणी आलं. गाढव प्यालं गटागटा. रंग आणला दुडूदुडू.

"यल्ला! चला कामाला!" अबू रजब म्हणाला.

पितळी साचा ठेवला. फुलाच्या खणांत ओतला लाल रंग, भोवती पांढरा. साचा उचलला. हळूऽऽ! वर सिमेंट भुरभुर भुरभुर. मग दाब दिला. धप्प!

नमलाने डोकावलं. सगळं करडं!

"काका, फूल कुठंय?"

"खाली तोंड करून लपलंय!"

फरशी उलटली. लालेलाल फूल!

फरशी पाण्यात डुंबली. सावलीत वाळली. अंगणात बसली, ठक ठक ठक. कोपऱ्यात ठेवली एवढीशी फट. ते नमलाचं दार!

बाळं उबेत निजली.

आता अंगणात कुणी आलं, की अबू रजब म्हणतो, "त्या फुलावरून हळू चाला हं. खाली बाळं निजलीत."

आपणही निजू या. श्शू! हळूच.