फाटक्या सायलेन्सरचा आवाज

"मग मला कळायचं कसं हो चाचा, हे घाट उतरले म्हणून?"

मकबूलचाचांचा हात थांबला नाही. नव्या सायलेन्सरच्या पट्टीचं भोक गाडीच्या भोकाशी जुळत नव्हतं. गोल कानशीनं ते घासून मोठं करायचं चाललं होतं.

घाटाच्या पायथ्याला, पीराच्या चौथऱ्यामागं त्यांची पत्र्याची शेड. तालुक्यातले निम्मे फिटर त्यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून लहानथोर सगळे त्यांना उस्ताद म्हणत. कांचन तेवढी चाचा म्हणायची. नवी नवरी होऊन या गावात आली, तेव्हा वरातीची गाडी याच शेडपाशी बंद पडली होती. शालूत घामाघूम झालेल्या पोरीला माठातलं पाणी आणून दिलं ते यांनीच.

आज ती नऊ महिन्यांच्या चिऊला कडेवर घेऊन, उन्हातनं चालत आली होती. नवऱ्याला न सांगता.

गाडी सासऱ्यांच्या वेळची, येझदी मोटारसायकल. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, दोन्ही गंजून चाळण झालेले. तिचा नवरा सुदाम दुसरी पाळी करून कारखान्यातनं परत यायचा तेव्हा अर्धं गाव कूस बदलायचं आणि उरलेलं शिव्या द्यायचं. कंपनीचे सायलेन्सर आता मिळत नाहीत. म्हणून सुदामनं बाजारातली बाहेरची जोडी आणली, गाडी उस्तादांच्या दारात सोडली आणि आजच्या दिवस एस.टी.नं कामाला गेला.

डावा बसला होता. उजवा राहिला होता.

"जुनेच राहू द्या, चाचा."

"का गं?"

"पुलाजवळच्या वळणावर आले की घरात ऐकू येतं. मग मी तवा टाकते. दोन भाकऱ्या होईस्तवर हे दारात."

"आणि आवाज यायच्या आधी काय करतेस?"

"ऐकत बसते."

"काय ऐकतेस?"

कांचन तिथल्याच फळकुटावर टेकली. चिऊ तिच्या मांडीवरून खाली मातीकडं झेपावत होती.

"न येणारा आवाज," कांचन म्हणाली.

चाचा हसले. "अख्खं गाव येऊन सांगून गेलं, उस्ताद, त्या भोंग्याचा एकदाचा गळा दाबा. तू एकटी म्हणतेस राहू द्या. मी ऐकू कुणाचं?"

"माझं."

"बरं."

इतक्या लवकर 'बरं' म्हणतील असं तिला वाटलं नव्हतं. वाटेनं जुळवून आणलेलं सगळं बोलणं तोंडातच राहिलं. त्यातलं एक तरीही बाहेर पडलं.

"तुम्हाला ठाऊक आहे ना, थोरले दीर त्याच घाटात..."

"ठाऊक आहे."

"जाऊबाई अजून दारात बसतात, दिवेलागणीला."

चाचांनी कानस खाली ठेवली.

"त्याच्या गाडीचा आवाज कसा होता गं?"

"मोठा," कांचन म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ह्यांच्या गाडीपेक्षा मोठा..."

चौथऱ्यावरचं हिरवं फडकं वाऱ्यानं उडालं आणि परत खाली बसलं.

चाचांनी कोपऱ्यातला जुना सायलेन्सर उचलला आणि उन्हात धरला. आतली जाळी कधीच गळून गेली होती. भोकाभोकांतनं ऊन पलीकडे आलं आणि चिऊच्या झबल्यावर बारीक बारीक ठिपके पडले. चिऊ ते ठिपके चिमटीत धरायला लागली.

"हा बघ. लाव म्हणालीस तर आत्ता लावतो."

तेवढ्यात वर घाटात एक मोटारसायकल वाजली.

कांचनची मान ताठ झाली. ओठ मिटले. आवाज एका वळणाआड गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला... पुलाकडं आला. तिनं श्वास धरून ठेवला होता. नाही. हा ह्यांच्या गाडीचा नव्हे.

"कुणाची वाट बघतेस?" चाचांनी विचारलं.

"ह्यांची," तिच्या तोंडातनं गेलं.

"कशावर बसून येणार आहे तो?"

कांचननं समोर पाहिलं. गाडी तिच्या पुढ्यातच उभी होती. स्टँडवर. एका कुशीला सायलेन्सर, दुसरी कूस उघडी.

"अगं बाई!" तिनं कपाळाला हात लावला आणि खुदकन हसली.

हसू अर्ध्यावरच थांबलं.

चाचांचा एक हात चिऊच्या हनुवटीखाली होता. दुसऱ्या हाताची करंगळी तिच्या तोंडात. त्यांनी हळूच, गालाच्या आतनं, एक नट बाहेर काढला. लाळेनं ओला, लखलखीत.

चिऊनं भोकाड पसरलं. खेळणं गेलं म्हणून.

कांचननं पोरीला छातीशी असं आवळलं की चिऊ आणखी जोरात रडायला लागली. "माझ्या मांडीवर होती हो... माझ्याच मांडीवर बसली होती चाचा, आणि मी..."

"नट माझा," चाचा म्हणाले. "सांडला मी. तू कशाला रडतेस?"

"पण मला दिसलं नाही."

"मला दिसलं ना? झालं तर मग. एका पोराला एकच माणूस पुरत नाही बाई. माझ्या अम्मीनं माझ्या तोंडातनं काय काय काढलंय ते ऐकलंस, तर जेवण जायचं नाही तुला."

तिला रडता रडता हसू आलं. नाक पदराला पुसलं.

चाचांनी नट तेलकट फडक्याला पुसला नाही. आपल्या सदऱ्याला पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी. मग नवा उजवा सायलेन्सर उचलून जागेवर धरला, बोल्ट सरकवला, त्यावर तोच नट चढवला आणि कांचनकडे पाहिलं. पाना हातात होता. फिरवत नव्हते.

कांचनची नजर त्या नटावर होती.

ते आणखी थांबले.

तिनं चिऊला या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं.

चाचांनी नट आवळला.

किक मारली. पहिल्या दोन फुकट गेल्या. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. पण ही ती गाडीच नव्हे जणू. कुणी शेजारच्या खोलीत पाळणा हलवत गुणगुणावं, तशी वाजत होती. चिऊ रडायची थांबली आणि डोळे मोठे करून बघायला लागली.

"हात आण इकडं."

कांचननं हात पुढं केला. चाचांनी तो सायलेन्सरच्या मागं, वीतभर अंतरावर धरला. तळव्यावर ऊन ऊन हवा आली. थोडी थोडी. एकामागोमाग एक.

रोज रात्री चिऊ झोपली की कांचन तिच्या नाकाखाली बोट धरायची. एकदा नाही, चार चारदा उठून. हे तिनं सुदामलासुद्धा सांगितलं नव्हतं, तो हसेल म्हणून. चाचांनाही आता सांगितलं नाही. त्यांनी आपला हात काढून घेतला. तिनं तिचा तसाच ठेवला.

"पुलावरनं हे ऐकू यायचं नाही," ती म्हणाली.

"नाही यायचं."

"घरात बसून तर नाहीच."

"नाहीच."

चिऊ आता पदराशी लागली होती. तोंड इकडं तिकडं फिरवत, चिडून, मुठी आपटत शोधत होती. चाचांनी मान वळवली आणि पाने पुसायला घेतले.

"रात्री तू कधी जेवतेस गं?" पाठमोरेच त्यांनी विचारलं.

"हे आल्यावर."

"आणि ही?"

कांचननं पदर सावरून चिऊला जवळ घेतलं.

चाचांनी मागं न बघता हात लांब करून गाडी बंद केली. शेड एकदम शांत झाली. घाट शांत, पूल शांत. चिऊच्या चुटूचुटू पिण्याचा तेवढा आवाज. कांचन खाली मान घालून तो ऐकत राहिली. बराच वेळ...

"चाचा."

"बोल, बेटा."

"आवाज नाही आला, तर मग तवा कधी टाकायचा मी?"

चाचांनी पाना खुंटीला अडकवला.

"भूक लागली की."