कातळवणचा नववा हात

कातळवणच्या तळ्याकाठी एक काळा खडक आहे. त्यावर चुन्यात बुडवून उमटवलेले पंजे आहेत. त्यांतले हयात रंगाऱ्यांचे दर अक्षय्यतृतीयेला ताजे होतात; सध्या ते आठ. नववा सगळ्यांत खाली, पाच वर्षांच्या पोरीचा असावा एवढा. त्याला कोणी चुना लावत नाही, आणि तो पुसटही होत नाही असे सांगतात.

येणाऱ्यांना या खडकाची गोष्ट सांगायचा मान माझ्या सासऱ्यांचा. गेल्या वर्षी दोन वकील आले तेव्हा सासऱ्यांचा घसा बसला होता, म्हणून मी सांगितली, दहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन. परदेशातली एक कंपनी यंत्रावर छापलेलं लाल कापड 'कातळवणी' म्हणून विकते. ते नाव आमचं, हे तिथल्या न्यायालयात दाखवायला आमच्याकडे पुरावा एकच, जुना ताम्रपट. त्यात अट आहे : गावात रंगाऱ्यांचे नऊ हात हवेत. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ह्यांची मंजूआत्या गेली होती. उरले होते आठ.

तर सांगतात ते असे.

फार पूर्वी इथली राही रंगारीण मंजिष्ठेच्या मुळांनी कापड रंगवी. त्याचं लाल कितीही धुतलं तरी उतरत नसे. गलबतं ते पार मस्कतपर्यंत नेत. पुढे दुसऱ्या बंदराचे व्यापारी कसलंही लाल कापड त्याच नावानं खपवू लागले. पहिल्या धुण्यात रंग जाई, आणि शिव्या कातळवणला पडत. गलबतं येईनाशी झाली, तेव्हा राही बंदराच्या हाकिमापुढे जाऊन उभी राहिली.

हाकिमानं परीक्षा घेतली. बंदराच्या विहिरीच्या पाण्यात राहीचा रंग विटकरी आला. व्यापाऱ्यांचा रंगारी कातळवणच्या तळ्यावर आणला, तर त्याचाही फसला. म्हणजे नाव पाण्याचं आणि हाताचं मिळून ठरलं. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आहे. या पाण्यात तुरटी उतरते आणि ती रंग धरून ठेवते, एवढं मी सांगू शकते, हाताचं काही सांगता येत नाही.

हाकिम म्हणाला, "पाणी जागचं हलत नाही, बाई. हात हलतात. उद्या तुमचेच हात तिकडं गेले तर?"

राही जिंकायच्या भरात होती. तिनं शपथ वाहिली की ज्यांचे पंजे या खडकावर उमटतील, ते वेशीच्या दगडापलीकडे रात्र काढणार नाहीत. हाकिमानं किमान नऊ हात मागितले. रंगारी निघाले आठ. तेव्हा राहीनं झोपलेल्या चिमीचा, आपल्या पाच वर्षांच्या लेकीचा, पंजा चुन्यात बुडवला.

हाकिमानं ताम्रपट करून दिला, नाव राहिलं. गलबतं परत आली. चिमी मोठी झाली, तिला खाडीपलीकडचं स्थळ आलं. वऱ्हाड वेशीच्या दगडापर्यंत आलं आणि तिथूनच परतलं, म्हणे. चिमी आईला एवढंच म्हणाली, "नाव तू राखलंस, आई. मला कुठं ठेवलंस?"

सासरे गोष्ट इथे थांबवतात. तेव्हापासून आमच्या गावात बिनलग्नाच्या आत्या फार, आणि सुना बाहेरून आणतात. मीही तशीच आणलेली. पंजा उमटवताना मला हसू आलं होतं. पण कळा सुरू झाल्या तेव्हा तालुक्याचा दवाखाना वेशीपलीकडे चौदा किलोमीटर होता, आणि मी सुईणीच्या हाती घरीच बाळंत झाले. कोणी अडवलं नव्हतं. रिक्षासुद्धा दारात उभी होती.

मोठ्या वकिलांनी विचारलं, "नववा हात लहान चालेल?"

सासूबाई माझ्या कडेवर बघत म्हणाल्या, "पयल्या वेळी चाललाच की. चुना भिजवलाय मी."

तेव्हा मी म्हटलं, गोष्ट उरलीय. राही गेल्यावर चिमी खडकापाशी उभी राहिली आणि म्हणाली म्हणे, की ज्या हाताच्या धन्याला अजून 'कशाला?' विचारता येत नाही, तो हात इथं उमटवायचा नाही. उमटवला तर तळं लाल देणार नाही.

"हे ताम्रपटात आहे?"

"नाही. सांगतात."

"कोण?"

"मंजूआत्या. हिला न्हाऊ घालताना."

"आमच्या नाय कधी कानावर आलं," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कशा सांगतील, आई? चुना तुम्हीच भिजवायच्यात."

सासऱ्यांचा घसा बसला होता. पण मंजूआत्या त्यांची बहीण. त्यांनी चुन्याचं घमेलं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं.

आत्या हे सगळं म्हणाल्या होत्या, की थोडं मी भरीला घातलं, हे आता मलाही नीट सांगता येत नाही. वकिलांनी कागदावर 'आठ' लिहिलं. नाव बहुतेक जाईल, असं जाताना म्हणाले.

आजही खडकावर आठच पंजे ताजे आहेत. लेक आता चालते, बोलते, आजोळी चार-चार रात्री राहते. मी सकाळच्या एसटीनं तिला बघायला जाते. दुपार कलली की ती माझा पदर धरून विचारते, "आई, कशाला जातेस?"

आणि दिवेलागणीला मी वेशीच्या दगडाच्या आत असते.