टिकलीची न्याहारी आणि छापील होळी

तळं यंदा लवकर तापलं. म्हणून टिकली लवकर जन्मली. टिकली म्हणजे माशाचं पिल्लू. कपाळावरच्या टिकलीएवढंच.

"न्याहारी कुठाय?"

न्याहारी नव्हतीच. न्याहारीला अजून जाग आली नव्हती.

टिकली निघाली. सुळुक सुळुक!

पाणपिसू, पाण्यातला इवलासा किडा, अंड्यात झोपली होती.

"पिसूताई, पिसूताई, ऊठ की गं!
पोटात होतं गुडगुड,
थांबायला नाही सवड!"

"उठले की तू मला खाणार. मला कसली घाई? शेवाळ हिरवं होऊ दे, मग उठेन."

सुळुक सुळुक!

"शेवाळदादा, शेवाळदादा, हिरवा हो की रे!
पिसू काही उठेना,
पोटात होतं गुडगुड,
थांबायला नाही सवड!"

"ताजं पाणी येऊ दे, मग होईन."

सुळुक सुळुक!

"ओढोबा, ओढोबा, आत ये की रे!
शेवाळ हिरवं होईना,
पिसू काही उठेना,
पोटात होतं गुडगुड,
थांबायला नाही सवड!"

"हरबाआजोबांना दार उघडू दे, मग येईन."

सुळुक सुळुक!

ओढ्याचं पाणी अडवणारं तळ्याचं दार हरबाआजोबांकडे. ते तळ्याच्या पायरीवर चहा पीत होते.

"आजोबा, आजोबा, दार उघडा की हो!
ओढा आत येईना,
शेवाळ हिरवं होईना,
पिसू काही उठेना,
पोटात होतं गुडगुड,
थांबायला नाही सवड!"

"मी होळीलाच उघडतो. माझे वडीलही होळीलाच उघडायचे. कॅलेंडरवर होळी येऊ दे, मग उघडेन."

कॅलेंडर आजोबांच्या खिडकीत लटकत होतं.

"कॅलेंडरकाका, कॅलेंडरकाका, होळी आणा की हो!
दार काही उघडेना,
ओढा आत येईना,
शेवाळ हिरवं होईना,
पिसू काही उठेना,
पोटात होतं गुडगुड,
थांबायला नाही सवड!"

"होळी वीस दिवसांनी," काका म्हणाले. "छापलं ते छापलं."

"पण तळं तापलंय!"

"ते माझ्यात छापलेलं नाही."

टिकली चिडली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेपटी आपटली. फटाक! पाणी उडालं आजोबांच्या पायावर.

"अरेच्चा! कोमट? आत्ताच?"

आजोबांनी पाय बुडवला. कॅलेंडरकडे पाहिलं. पुन्हा पाय बुडवला.

"पायाला कळलं, काकांना नाही!"

आजोबांनी चाक फिरवलं. करकर करकर!
दार उघडलं.
ओढा आत आला. खळखळ खळखळ!
शेवाळ झालं हिरवंगार.
पिसवा उठल्या. टुणुक टुणुक!
टिकली खात सुटली. गट्टम गट्टम!

पिसूताई तेवढी निसटली.

आजोबांनी पेन काढलं. होळीच्या चौकोनात लिहिलं, 'आधी पाय बुडवणे.'

"खाडाखोड! खाडाखोड!" काका ओरडले.

टिकलीने ऐकलं नाही. तिचं तोंड भरलेलं होतं.

तळं भरलं, पोट भरलं,
गोष्टीचंही पान सरलं.