औषधाची पिंपे

हे गाव नदीच्या अलीकडचे की पलीकडचे, ते आता नीट आठवत नाही आणि ज्यांना विचारावे ते राहिले नाहीत. पण त्या दोहोंपैकी एका गावात शांतवन नावाचा एक फिटर राहायला आला होता, एवढे निश्चित.

शांतवन मूळचा त्याच गावचा. दहाव्या वर्षी मामाने त्याला शहरात नेले. पुढे एका मोठ्या इस्पितळात बॉयलर आणि वाफेची यंत्रे सांभाळण्यात त्याची तीस वर्षे गेली. नोकरी संपली तसा तो गावी परतला. परतला खरा, पण गावाला तो पाहुणाच वाटे. लोक त्याला चहा देत, सल्ला विचारीत नसत. हे त्याच्या मनाला लागे. आपल्या हातातले कसब गावाने एकदा पाहावे आणि आपल्याला आपला म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती.

गावातली ख्रिस्ती वस्ती मोठी. पीक घरात आले की एका रविवारी देवळात हंगामाचा सण होई. आधी उपासना, मग साऱ्या गावाला कोंबडीचा रस्सा आणि भाकरी. रस्सा मार्थाआत्यानेच करायचा, हा शिरस्ता होता. तिचे पातेले एवढे मोठे की उचलायला चौघे लागत.

त्या वर्षी पंच बार्नबा म्हणाले, "दरसाल रस्साच काय? शहरात निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी देतात म्हणे."

"तीनशे माणसांची कोंबडी निखाऱ्यावर भाजणार कोण?" कोणीतरी विचारले.

"मी," शांतवन म्हणाला.

मार्थाआत्या तोंडाला पदर लावून हसली. "भाज बाबा. एकेक तंगडी भाजत बसलास, तर शेवटची पंगत नाताळाला उठेल."

शांतवन हसला नाही. घरी जाऊन त्याने कागदावर आकृती काढली. दुसऱ्या दिवशी भंगारवाला हनीफभाई दारावरून चालला होता. त्याच्या गाड्यावर दोन लोखंडी पिंपे होती.

"यांत काय होतं, हनीफभाई?"

"औषध होतं, भाई. मजबूत माल आहे," हनीफभाई म्हणाला. पिंपे उतरवून तो पुढच्या गावाला निघून गेला.

शांतवनला बरे वाटले. औषध म्हणजे स्वच्छ वस्तू. इस्पितळात औषधाच्या खोलीत चपला घालून जायलाही बंदी असे.

त्याने पिंपे उभी चिरली. दोनाच्या चार पन्हळी झाल्या. त्यांना पाय लावले, वारा खेळायला बुडाशी भोके पाडली. मग सळ्यांच्या जाळ्या केल्या, दोन-दोन जाळ्या एका बिजागरीवर, पुस्तकाच्या पुठ्ठ्यांसारख्या. मधे चाळीस तंगड्या ठेवायच्या आणि पुस्तक मिटायचे. जाळीच्या टोकाला त्याने जुन्या सायकलचे पेडल बसवले. पेडल अर्धे फिरवले की चाळीसही तंगड्या एकदम कूस बदलत.

सारे जोडून झाल्यावर त्याने पन्हळी सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतल्या आणि आत कडबा जाळला. मग चाळीस वांगी भाजून दाखवली. लोक लांबून बघायला आले. जो तो पेडल फिरवून बघू लागला. बार्नबांनी सर्वांदेखत शांतवनच्या पाठीवर थाप मारली. गावात आल्यापासून त्याच्या पाठीवर पडलेली ती पहिली थाप.

"घ्या," मार्थाआत्या म्हणाली, "आता माझं पातेलं देवळाच्या घंटेशेजारी टांगा. रविवारी बडवायला होईल."

सणाचा रविवार उजाडला. देवळात उपासना सुरू झाली. बाहेर चिंचेखाली चारही पन्हळींत निखारे फुलले. दही, हळद, तिखट लावलेल्या तंगड्या परातींत मुरत होत्या. शांतवनने पहिल्या जाळीत चाळीस तंगड्या लावल्या आणि पुस्तक मिटले. वास सुटला. देवळातले गीत जरा लवकरच आटोपल्यासारखे वाटले.

एवढ्यात शेजारचा तुकाराम दाभाडे पाठीवर पंप अडकवून वाटेने चालला होता. "शांतवनभाऊ," तो ओरडला, "माझ्या वाटणीची तंगडी राखा. एवढं औषध देऊन आलोच."

"कोणाला बरं नाही?" शांतवनने काळजीने विचारले.

तुकाराम पोट धरून हसला. "कपाशीला! अहो, मावा पडलाय, पानापानावर कीड. औषध मारायला चाललोय, मावा मारायचं औषध. शहरात राहून पार शहरी झालात की!"

तुकाराम निघून गेला. शांतवनचा हात पेडलवर तसाच राहिला.

गावात आल्यापासून हा शब्द त्याने शंभर वेळा ऐकला होता. कोणाचे औषध आणायचे राहिले होते, कोणाला औषध मारायचे होते, कोणीतरी भांडणाच्या भरात औषध प्यायला निघाला होता. त्याने ते सारे इस्पितळाच्या कानांनी ऐकले होते. आज पहिल्यांदा गावाच्या कानांनी ऐकले. हनीफभाई तर खेडोपाडी फिरणारा. तो औषध म्हणाला, ते कोणते?

शांतवनने पन्हळीत वाकून पाहिले. आत लाल निखारे होते आणि काळे लोखंड. लोखंड काही सांगत नव्हते. हनीफभाई कुठल्या गावाला गेला, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याचे मन म्हणाले, तीनदा धुतलेस. कडबा जाळलास. काही असलेच, तर आता काय उरले असेल? दुसरे मन म्हणाले, तुला माहीत नाही. पहिले मन म्हणाले, नाही तर नाही, पण इतरांना तरी कुठे माहीत आहे? आणि हे शेवटचे वाक्य ऐकून तो स्वतःलाच घाबरला.

त्याने पाण्याची बादली उचलली आणि पहिल्या पन्हळीत ओतली. चर्र झाले. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पन्हळीत. वाफेने चिंच दिसेनाशी झाली.

बार्नबा देवळातून धावत आले. "अरे, वेड लागलं का तुला?"

शांतवनने पिंपांची हकीकत सांगितली. बार्नबांनी कपाळाला हात लावला. "विष होतं, अशी खात्री आहे?"

"नाही."

"मग?"

"नव्हतं, अशीही नाही."

"अरे, साबणसोड्याने धुतलंस, जाळून काढलंस. आता काय पिंपांना बाप्तिस्मा देतोस? आणि तू इथली वांगी खाल्लीस, मी खाल्ली. मेलं का कोणी?"

"काही विषं लगेच मारत नाहीत, पंच. ती माणसं मी इस्पितळात पाहिली आहेत. वांगी मूठभर लोकांनी खाल्ली. आज तीनशे माणसं खातील, तान्ह्यांच्या आयाही खातील."

"आणि लोकांना काय सांगू?"

"माझं चुकलं, हे सांगा. नाही, मीच सांगतो."

पण त्याआधी त्याला एक अवघड काम करायचे होते. तो मार्थाआत्यापुढे जाऊन उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "आत्या, तुमचं पातेलं हवं."

आत्याने त्याच्याकडे पाहिले. टोमणा ओठांवर आला होता, तो तिने गिळला, हे दिसलेही. मग ती म्हणाली, "चौघांना बोलाव. आणि तू कांदे चिरायला बस. रडायचंच आहे, तर कामाचं रड."

शांतवन देवळाच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने सारे सांगितले. काही हसले, काही चिडले. जेवण तीन तास लांबले. मुले भुकेने रडली, म्हाताऱ्यांनी बोटे मोडली. पहिल्या जाळीतल्या चाळीस तंगड्या त्याने खोल खड्ड्यात पुरल्या, कुत्र्यांनीही खाऊ नयेत म्हणून. पिंपांचे पत्रे वाकवून त्याच खड्ड्यात टाकले.

गावाने त्याचे नाव 'औषध्या' ठेवले. विहिरीवर, पारावर, 'काय औषध्या, आज काय पुरलं?' असे विचारणे चालू राहिले. तो आपल्या वाटेने जाई. पण घरी गेल्यावर स्वतःलाच विचारी, काही नसताना तर आपण एवढा गोंधळ घातला नाही ना? आपली भीती खरी असावी असेही वाटे, आणि खरी नसावी असेही. दोन्ही वाटण्यांची त्याला लाज वाटे.

पुढच्या उन्हाळ्यात गावाला पिण्याच्या पाण्याची नवी टाकी बसली. टाकी भरली. पण नव्या टाकीच्या पाण्याचा भरवसा नव्हता; पहिली घागर भरायला कोणी पुढे होईना. मार्थाआत्या रिकामी घागर घेऊन तडक शांतवनच्या दारात आली.

"चल, आधी तू बघ. तू चांगलं म्हणालास तर भरेन."

"माझी नजर चुकते, आत्या. तुम्ही पाहिलंय."

"चुकली तर तू सांगशील, तेही मी पाहिलंय. चल."

शांतवन टाकीवर चढला, सांधे तपासले, पाण्याचा वास घेतला, आणि मग हो म्हणाला. आत्याने घागर भरली, तशा मागे रांग लागली. तेव्हापासून गावात काही नवे आले की त्याला बोलावणे येऊ लागले. औषध्या हे नाव राहिले, पण पुढे त्याला 'भाऊ' जोडले गेले.

बऱ्याच वर्षांनी तालुक्याच्या बाजारात म्हातारा हनीफभाई भेटला. शांतवनने त्याला त्या दोन पिंपांची आठवण करून दिली आणि धीर करून विचारले, कसले औषध होते? हनीफभाईने डोके खाजवले. मग म्हणाला, "खोकल्याचं, भाई. कारखान्यातून उचलली होती. त्यातला गोड पाक बुडाला चिकटायचा, मुंग्या लागायच्या." शांतवनचा तेवढ्याने विश्वास बसला नाही. तो त्या कारखान्यापर्यंत जाऊन आला. तिथल्या जुन्या मुकादमाने त्याला तशीच पिंपे दाखवली. खरोखरच ती खोकल्याच्या औषधाची होती.

तात्पर्य: शंका पुढे खोटी ठरली, तरी ती वेळेवर बोलून दाखवणारा माणूस खोटा ठरत नाही.