कैतान शेठच्या दुकानात नसलेली मूर्ती

यंदा चौकातल्या क्रुसासमोर नाताळचा गोठा होणार नाही, असं कैतान शेठनं सांगून टाकलं आणि वसईकडच्या त्या आळीत सगळ्यांचा चहा हातातच निवला.

चौक तसा शेठच्याच मालकीचा. पण दर डिसेंबरात आळी तो शेणानं सारवायची, आगऱ्यांकडून पेंढा यायचा आणि सिसिलच्या आजोबांनी घडवलेली मातीची मारिया, योसेफ, मेंढरं ट्रंकेतून निघून तिथं मुक्कामाला यायची. आजोबा ईस्टरनंतर गेले. जाताना नातीला एवढंच म्हणाले होते, गोठा मोडू देऊ नकोस. आणि आता त्या जागी शेठचं मांडवातलं दुकान, ‘नाताळ महाल’, उभं! झगमगते तारे, बर्फ म्हणून कापूस, डबाबंद केक आणि आयत्या मजकुराची शुभेच्छापत्रं. दारात बॅटरीवरचा सांता. समोरून कुणीही गेलं की तो ओरडायचा, “हॅपी नाताळ!” माणूस गेला तरी आणि म्हैस गेली तरी.

सिसिल ही केळीची वाडी करणाऱ्या पास्कूची मुलगी. कॉलेजात शिकलेली, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी. शेठशी काय बोलायचं ते तिनं वाटेत पाठ केलं होतं. सांता ओरडला आणि सगळं विसरली.

“शेठ, एका कोपऱ्यात तरी...”

“जागा नाही,” शेठ गल्ल्यावरून वर न बघता म्हणाले. “हंगाम आहे, बाय.”

मग नाताळ करायचा कुठं, असं ती पुटपुटली. ते शेठना झोंबलं. अख्खा नाताळ माझ्या दुकानात आहे, असं त्यांनी चारचौघांत ठणकावलं आणि वर पैजच लावली. गोठ्याच्या गोष्टीतलं असं काहीतरी मागून दाखवा, जे इथं मिळत नाही! उद्या संध्याकाळपर्यंत जमलं तर चौक आळीचा. नाही जमलं तर आजोबांच्या मूर्ती या काचेच्या कपाटात, विकायला.

दुसऱ्या दिवशी अख्खी आळी दुकानात लोटली. हासूराम आगऱ्यानं पेंढा मागितला. लाल फीत बांधलेली पेंढी हजर! मोनिकामावशीनं गाढव मागितलं, तर शेठनं विचारलं, “लहान देऊ की मोठं?” चिडून कुणीतरी शेण मागितलं, तेही पाकिटात निघालं. लोक डोक्याला हात लावून परतले.

सिसिलला जेवण जाईना. मूर्ती कपाटात गेल्या तर आजोबांना काय तोंड दाखवायचं? ती गोष्ट पहिल्यापासून मनात घोळवू लागली. मारिया, योसेफ बेथलेहेमात आले, दारोदार फिरले... आणि तिथंच ती थांबली.

संध्याकाळी ती महालात शिरली. सांता ओरडला, ती दचकली, पण या खेपेला शब्द विसरली नाही.

“शेठ, मला उतारशाळेवाला द्या.”

“कोण?”

“पोटुशी मारिया दारात उभी असताना ‘जागा नाही’ म्हणून ज्यानं दार लावलं, तो. त्यानं खोली दिली असती तर बाळ गोठ्यात कशाला जन्मलं असतं? गोठा झाला तो त्याच्यामुळेच.”

शेठनं खोकी उपसली. राजे निघाले, मेंढपाळ निघाले, देवदूतांचा तर ढीग लागला. शेवटी त्यांनी एक योसेफच पुढं केला, म्हणाले, ह्यालाच म्हण उतारशाळेवाला.

“तो तर बिचारा दाराबाहेर उभा होता.”

“मग हा सांता ने!”

“हा न बोलावता सगळ्यांच्या घरात शिरतो, शेठ. मला बाहेरच्या बाहेर घालवणारा हवाय.”

आळी खो खो हसली. शेठना घाम फुटला. “अगं, असली मूर्ती कुणी बनवतच नाही. कुठून आणू?”

“आणायला कशाला हवी?” सिसिलचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. “काल मी टीचभर जागा मागायला आले, तेव्हा गल्ल्यावर बसला होता की तो.”

कुणी हलेना, म्हणून सांतासुद्धा गप्प. मग शेठचं पोट गदगदा हलू लागलं आणि ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. “पास्कूच्या पोरीनं मला थेट बायबलात नेऊन बसवलं!”

त्याच संध्याकाळी महाल शेठच्या ओटीवर गेला, त्याचे वासे मात्र गोठ्याला मिळाले. शेठनं एकच मागणं मागितलं. आजोबांकडची मूर्तींची माती उरली असेल तर उतारशाळेवाला म्हणून माझीही एक मूर्ती कर. “पण दार उघडं दाखव हं, बाय.”

नाताळच्या आदल्या दिवशी सिसिल गोठ्यात मेंढरं मांडत होती. अगदी कानाशी आवाज आला, “हॅपी नाताळ!” ती अशी दचकली की हातातलं मेंढरू पेंढ्यात पडलं.

“मेला सांता!” म्हणत ती वळली, तर मागं कैतान शेठ. हातात, विणलेल्या रुमालाखाली, करंज्यांचं ताट.

“त्याची बॅटरी काढली मी,” शेठ म्हणाले. “म्हटलं, यंदा आपणच बोलावं.”